सोलापूरच्या उन्हात जपानी बैठक: आकार तिकडचा, सामान इथल्या हवेचं

प्रश्न थोडक्यात असा: जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर टू बीएचके फ्लॅट आहे. हॉल 14 बाय 11 फुटांचा, त्याला पश्चिमेकडे 8 बाय 4 ची बाल्कनी. घरात सासू-सासरे आणि दोन मुलं. हॉल जपानी-बाली धाटणीचा करायचा आहे. तातामी (लव्हाळ्याची जाड जपानी चटई), शोजीचं म्हणजे लाकडी जाळी-कागदाचं सरकतं दार, बांबू, पाण्याचं कारंजं आणि मोठी बुद्धमूर्ती अशी यादी काढली आहे. यातलं काय करावं, काय टाळावं?

आधी हवेचं बोलू, कारण बाकी सगळं त्यावरच ठरतं. तातामी, शोजी आणि बांबूकाम जिथं रुजलं, त्या मुलखांत हवेत ओलावा असतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 च्या घरात जातो, दुपारची हवा कोरडी ठणठणीत असते, आणि वळवाआधी वावटळ सुटली की खिडक्या लावूनही धुळीचा थर बसतो. त्यात खोलीत कूलर चालतो, म्हणजे घराच्या एका कोपऱ्यात दमट झोत आणि दुसऱ्या कोपऱ्यात सुकं वाळवंट. तिकडून जसंच्या तसं आणलेलं सामान इथं दोन उन्हाळे काढत नाही. म्हणून मापं, प्रमाण आणि मोकळेपणा जपानचा घ्या, पण लाकूड, कापड, दगड इथल्या हवेत टिकेल असा घ्या. ही तडजोड समजू नका. जपानी घरंही तिथल्या हवेला धरूनच तशी बांधली गेली.

दुसरं, एकाच मुलखाला पाया माना. जपानी खोली रिकामी, सरळ रेषांची आणि फिक्या रंगांची. बालीची घरं कोरीव दगड, गडद लाकूड आणि भरपूर झाडीची. चिनी पद्धतीत लाखेचा लाल-काळा रंग आणि जाळीकाम ठसठशीत असतं. 154 चौरस फुटांत तिन्ही एकत्र केलं की घराला हॉटेलची कळा येते. तुमच्या हॉलला पाया जपानी ठेवा. बाली फक्त बाल्कनीतल्या झाडांपुरतं आणि एखाद्या दगडी वस्तूपुरतं येऊ द्या.

आता बैठक, कारण सगळ्यात जास्त फरक तिनंच पडतो. जमिनीवर बसलेल्या माणसाची नजर साधारण अडीच फुटांवर असते, खुर्चीवरच्या माणसाची पावणेचार-चार फुटांवर. जपानी खोली शांत वाटते, कारण तिथं सगळं त्या खालच्या नजरेला धरून मांडलेलं असतं. आपण नेमकं उलटं करतो: बैठक खाली आणतो आणि फ्रेम, शोकेस, टीव्ही जुन्याच उंचीवर ठेवतो. मग खाली बसलेल्याला विहिरीत बसल्यासारखं वाटतं. 10 इंच उंचीच्या बैठकीवर बसल्यावर नजर साधारण 40 इंचांवर येते. तेव्हा भिंतीवरच्या वस्तूचा मध्य जमिनीपासून 42 ते 45 इंचांवर घ्या, आणि हॉलमधलं कोणतंही कपाट 30 इंचांपेक्षा उंच नको.

बैठक 7 बाय 6 फुटांची, कोपऱ्यात, दोन बाजू भिंतीला लागून करा. 18 मिमीच्या प्लायच्या 8 बाय 4 च्या तीन शीटांत ती बसते. पहिल्या शीटमधून 7 बाय 4 आणि दुसऱ्यातून 7 बाय 2 चा तुकडा निघाला की वरचा पाट झाला. दुसऱ्या शीटचा उरलेला 8 बाय 2 चा तुकडा आणि तिसरं शीट यांतून 9 इंच रुंदीच्या सात पट्ट्या निघतात. त्यांतल्या दोन लांबीला, पाच आडव्या. आडव्यांमध्ये साधारण 20 इंचांचं अंतर येतं. सुतार पट्टी वाचवायला हे अंतर 24 इंचांच्या वर नेतो आणि वर्षभरात मधला भाग दबून करकर वाजायला लागतो. तिथं ऐकू नका. समोरच्या दोन मोकळ्या बाजूंना सांगाडा कडेपासून 3 इंच आत घ्या. खाली सावली पडते, बैठक तरंगल्यासारखी दिसते, आणि फरशी पुसताना पोचा कडेला आपटत नाही. भिंतीकडच्या बाजूला 6 मिमीची फट सोडून वर स्कर्टिंगची पट्टी मारा, नाहीतर जुलैत प्लाय फुगून भिंतीला रेटतो. आडव्या पट्ट्यांना दोन-दोन इंचांची भोकं पाडून घ्या, म्हणजे आत हवा खेळते. तळमजल्याच्या घरात हे काम करायचं तर आधी फरशी-भिंतीच्या सांध्यात वाळवीची फवारणी करून घ्यावी. काळ्या मातीवरच्या घरांत वाळवी नेमकी अशा बंद पोकळीत शिरते.

खरी तातामी घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तिचा वरचा थर इगुसा नावाच्या लव्हाळ्याचा विणलेला आणि जुन्या पद्धतीत आतला गाभा भाताच्या पेंढ्याचा असतो. जाडी 5-6 सेंटीमीटर, माप ढोबळमानानं 3 बाय 6 फूट. कोरड्या उन्हाळ्यात लव्हाळं ठिसूळ होऊन त्याचे धागे तुटतात, पश्चिमेच्या उन्हानं ते पिवळं पडतं, आणि पावसाळ्यात कूलरचा ओलावा राहिला तर त्याच पेंढ्यात बुरशी धरते. त्याऐवजी तातामीचं माप आणि काठ तेवढा घ्या. 2 इंच जाडीच्या रीबॉन्डेड फोमच्या 3 बाय 6 च्या दोन गाद्या करा. 7 फूट लांबीत दोन्ही मिळून 6 फूट जातात आणि एक फुटाची लाकडी पट्टी उघडी राहते. तिच्यावर दिवा आणि चहाचा ट्रे.

गाद्यांची खोळ हा सोलापूरचा स्वतःचा प्रांत आहे. इथं बसून बाहेरून जपानी छापाचं पॉलिस्टर मागवणं पटत नाही. न रंगवलेलं, जाड विणीचं साधं सुती कापड हातमागवाल्याकडून किंवा मागाच्या कारखान्यातून घ्या. 48 इंच पन्ह्याचं कापड एका गादीला वर-खाली आणि शिवणी धरून सुमारे 4 मीटर लागतं. सूत धुतल्यावर आटतं, म्हणून सव्वाचार मीटर धरा, दोन गाद्यांना साडेआठ. शिवण्याआधी कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच शिंप्याकडे द्यायचं. ही पायरी चुकली की पहिल्या धुण्यानंतर खोळ गादीला चढत नाही आणि कोपरे वर वळतात. तातामीच्या दोन लांब कडांना गडद कापडी काठ असतो. तसा सव्वा इंचाचा काळा किंवा गडद निळा सुती काठ लावा. गडद सुताचा रंग जातो, त्यामुळे काठाची पट्टी वेगळी तीन-चार पाण्यांत धुऊन पाणी स्वच्छ निघेपर्यंत तपासा. नाहीतर पांढऱ्या खोळीवर निळा ओघळ कायमचा.

सोलापुरी चादरही या खोलीत चालते, पण मोठी नक्षी आणि चार रंग असलेली नको. दोन रंगांतली, बारीक काठाची चादर तिहेरी घडी घालून गादीच्या पायथ्याशी ठेवा. थंडीत पायावर घ्यायला तीच.

सासू-सासऱ्यांना 10 इंचांवरून उठणं गुडघ्यांना जड जातं. त्यांच्यासाठी 17 इंच उंचीच्या दोन लाकडी खुर्च्या समोरच्या भिंतीशी ठेवा. बसायची जागा वेताची, पाठ बुटकी. लाकूड आणि पॉलिश बैठकीचंच असू द्या, म्हणजे त्या नंतर आणून ठेवल्यासारख्या दिसत नाहीत आणि वडीलधाऱ्यांना आपण वेगळे बसलो असं वाटत नाही. बैठकीच्या कडेला भिंतीवर, खाली बसलेल्याचा हात पोचेल अशा उंचीवर, एक भक्कम उभी मूठ बसवा. प्लगसकट नीट ठोकलेली हवी, कारण माणूस पूर्ण भार टाकणार आहे. मधलं टेबल वेगळं विकत घेऊ नका. जपानी घरातलं बुटकं टेबल आणि आपला चौरंग यांच्यात फार फरक नाही. 12 इंच उंचीचा, अडीच बाय दीड फुटांचा साधा चौरंग सुताराकडून त्याच लाकडात करून घ्या.

आता शोजी. मूळ शोजीत बारीक लाकडी जाळीवर एका बाजूनं कागद चिकटवलेला असतो. कागद बाहेरच्या अंगाला, जाळी खोलीच्या अंगाला. हा कागद, वाशी, तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून करतात. तिकडे तो ठराविक काळानं बदलायची रीतच आहे. इथं पश्चिमेच्या दाराला तो एका उन्हाळ्यात तडकेल आणि मुलांची बोटं त्याच्या आधीच आरपार जातील. 3 मिमीचं दुधी ॲक्रिलिक शीट वापरा. प्रकाश तसाच मऊ गाळून येतो आणि ओल्या फडक्यानं पुसता येतं.

पण ॲक्रिलिक उष्णतेनं चांगलंच वाढतं. 3 फुटांचं शीट तापमानात 30 अंशांचा फरक पडला की जवळजवळ 2 मिमी लांबतं. जानेवारीच्या पहाटे घट्ट बसवलेलं शीट मेमध्ये पोट काढतं, आणि स्क्रू मारलेला असेल तर तिथूनच तडा जातो. म्हणून चौकटीच्या आतल्या कडेला पताम (खाच) मारून शीट त्यात सैल बसवायचं, चारही बाजूंना 2-3 मिमी जागा सोडायची, आणि मागून बीडिंगची पट्टी चौकटीला ठोकायची, शीटला नाही. शीटच्या अंगावर एकही खिळा किंवा स्क्रू नको.

तुमच्या बाल्कनीचं दार 6 फुटी धरलं तर 37-37 इंचांचे दोन पल्ले करा, म्हणजे मध्ये 2 इंच एकमेकांवर चढतात. उभी चौकट दीड इंच रुंद, आतल्या पट्ट्या 12 बाय 20 मिमी, एकमेकींत अर्ध्या खाचेनं बसवलेल्या. नुसत्या खिळ्यानं जोडलेली जाळी पहिल्याच हिवाळ्यात सैल होते. रुंदीला 4 आणि उंचीला 6 घरं पुरेत. फोटोंतली फार बारीक जाळी सुंदर दिसते, पण प्रत्येक आडवी पट्टी ही धुळीची फळी असते. दर आठवड्याला ती ब्रशनं झाडायची आहे, हे लक्षात ठेवूनच घरं ठरवा. खालचा 12 इंचांचा भाग भरीव लाकडी ठेवा. जपानी दारांतही अशी भरीव फळी असते, आणि इथं ती पोचा आणि मुलांच्या लाथा दोन्ही सोसते. पल्ले वरून टांगत्या चॅनलवर घ्या. जमिनीतल्या खाचेत धूळ आणि केस अडकून चाकं महिन्याभरात रडायला लागतात.

लाकूड पाडलेल्या वाड्यांतलं जुनं सागवान मिळालं तर सोनंच. त्यानं आपलं हलणं-वाकणं कधीच संपवलेलं असतं. फक्त कापण्याआधी प्रत्येक तुकड्यावरून चुंबक फिरवा. आत राहिलेला एक खिळा करवतीचं पातं खातो. नवं लाकूड घेतलंत तर ते आणून दोन-तीन आठवडे त्याच घरात पडू द्या, मग काम सुरू करा. भर पावसात घाईनं केलेल्या जाळीला एप्रिलमध्ये फटी पडतात, आणि मेमध्ये घट्ट केलेलं दार ऑगस्टमध्ये अडकतं. सरकत्या पल्ल्यांना 3 मिमीची ढील हवीच. वर चकाकतं पॉलिश नको, मॅट हवं. अळशीचं तेल देणार असाल तर एक धोका जरूर ध्यानात ठेवा: त्या तेलानं भिजलेले बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकले तर आतल्या आत तापून आपोआप पेट घेऊ शकतात, आणि आपल्या उन्हाळ्यात तर लवकरच. काम झालं की ते पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मगच कचऱ्यात टाका.

शोजी प्रकाश गाळते, ऊन अडवत नाही. पश्चिमेचं ऊन काचेच्या बाहेरच अडवावं लागतं. आत आल्यावर कुठलाही पडदा फक्त ते लपवतो. बाल्कनीच्या बाहेरच्या कडेला बांबूच्या कामट्यांची चिक लावा, जपानी सुदारेची ती सख्खी बहीण. एप्रिल-मेपुरते वाळ्याचे पडदे त्याहून चांगले. दुपारी दोन-तीनदा पाणी शिंपडलं की कोरड्या हवेत ते झपाट्यानं थंडावा देतात, आणि खोलीभर वाळ्याचा वास दरवळतो. बोअरचं पाणी मारू नका, क्षारांचा पांढरा थर बसून काड्या चिकटतात. पावसाळ्याआधी दोन दिवस कडक वाळवून गुंडाळून ठेवा, ओलसर ठेवले तर काळे पडतात.

बांबू घरात आणायचा तर त्याच्यावर औषधाचं काम झाल्याशिवाय नको. बांबूत पिष्ट असतं आणि पोखरणारे किडे त्यासाठीच येतात. खाली फिक्या पिवळ्या पावडरीची बारीक ढिगुली दिसली की समजायचं, आतून पोकळ होतोय. बुरुडाकडून पक्का, तीन वर्षांवरचा कळक घ्या, हिरवाकंच कोवळा नको. बांबूच्या पेरांमधले आतले पडदे लांब सळईनं फोडून 50 लिटर पाण्यात दीड किलो टाकणखार आणि एक किलो बोरिक ॲसिड या मिश्रणात आठवडाभर पूर्ण बुडवा. टाकणखार आधी थोड्या गरम पाण्यात विरघळवून घेतला तर तळाशी बसत नाही. मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी हे करा. नंतर सावलीत उभा करून सावकाश सुकवा. उन्हात टाकलात तर फटाफट उभा चिरतो. खिळा थेट ठोकायचा नाही, आधी बारीक ड्रिल. हे औषध पाण्यानं धुपून निघतं, त्यामुळे असा बांबू पावसात भिजणाऱ्या जागी लावू नका.

कारंजं वगळा. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, आणि साठवलेलं पाणी खेळवत ठेवलं की पंपावर क्षार आणि टाकीत डास. जपानी परंपरेतच यावर उत्तर आहे: पाण्याविना बाग, कारेसानसुई. क्योतोच्या र्‍योआन-जी मंदिरातल्या अशा बागेत पांढऱ्या खडीत 15 दगड आहेत, आणि ओसरीवर कुठंही बसलं तरी एक दगड दुसऱ्यामागं लपतो. तुमच्या बाल्कनीच्या अर्ध्या भागात, 8 बाय 2 फुटांत, 2 इंच जाडीचा खडीचा थर टाका. साधारण पावणेतीन घनफूट खडी लागते, वजन सव्वाशे किलोच्या आत. पूर्ण बाल्कनी भरून वर दगड आणि मातीच्या कुंड्या रचायच्या असतील तर आधी इमारतीच्या इंजिनिअरला विचारा. खडी पांढरीशुभ्र नको, पश्चिमेच्या उन्हात डोळे दिपतात आणि तेज आत परततं. 6 ते 10 मिमीची करडी कच धुऊन घ्या. बारीक वाळू वाऱ्यानं हॉलमध्ये येते. खाली शेडनेटचा तुकडा अंथरा आणि नहाणीची जाळी मोकळी ठेवा, तिच्याभोवती हातभर जागेत मोठे गोटे. दगड आपलाच काळा, तीनच, लहान-मोठे. बूड छाटून सपाट करून घ्या, म्हणजे जमिनीतून वर आल्यासारखे दिसतात. नुसते ठेवलेले दगड विसरल्यासारखे दिसतात.

झाडांत मॅपल आणि ज्युनिपरचे बोनसाय इथं उन्हाळ्यात जातात. वड, उंबर किंवा अडेनियम टिकतात. ‘लकी बांबू’ हा बांबू नाही, ड्रेसिनाची जात आहे. त्याला थेट ऊन आणि क्षारांचं पाणी दोन्ही सोसत नाही, पानांची टोकं करपतात.

बुद्धमूर्तीबद्दल मनापासून सांगतो. आपल्या शहरात कित्येक घरांत बुद्धमूर्ती वंदनेसाठी असते. ती शोभेची वस्तू म्हणून चपलांच्या रॅकवर, जमिनीवर किंवा बाथरूममध्ये ठेवणं शोभत नाही, आणि नुसतं कापलेलं मस्तक तर पाहणाऱ्याला टोचतंच. थायलंडमधून मूर्ती देशाबाहेर न्यायलाही सरकारी परवानगी लागते, इतकं ते तिथं जपतात. ठेवायची तर पूर्ण मूर्ती, बसलेल्याच्या नजरेच्या वर, स्वच्छ आणि स्वतंत्र जागी. हसरा ‘लाफिंग बुद्धा’ म्हणजे गौतम बुद्ध नव्हेत. तो बुदाई नावाचा चिनी भिक्खू आहे.

भिंतीत कोनाड्यासारखी एक जागा करा. जपानी घरात तिला तोकोनोमा म्हणतात, आपल्या वाड्यांत देवळी होती. 4 इंची भिंत फोडू नका. भिंतीला लावून 9 इंच खोल, 3 फूट रुंद प्लायची पेटी पुरते. तिथं एक अरुंद उभं विणकाम टांगा. पद्मशाली विणकरांची वॉल हँगिंग इथंच बनतात, त्यांच्याकडून साध्या दोन रंगांत, एक फूट रुंद आणि तीन फूट लांब करून घ्या. खाली एका भांड्यात एकच फांदी. चैत्रात कडुलिंबाची कोवळी डहाळी, श्रावणात तेरड्याचं फूल. तिसरी वस्तू तिथं ठेवायची नाही, आलेली भेटवस्तूसुद्धा नाही.

भिंतींचा रंग मातकट पांढरा, मॅट. मधोमधची ट्यूब काढा आणि 9 वॉटचे, 2700 केल्विनचे (पिवळसर उजेडाचे) तीन एलईडी दिवे वेगवेगळ्या जागी, खालच्या उंचीवर लावा. या मापाच्या हॉलला तेवढे पुरतात. मुलांच्या अभ्यासाला वेगळा टेबललॅम्प. कागदी कंदील कूलरच्या झोतासमोर टांगू नका, ओलाव्यानं मऊ पडून आठवडाभरात त्याचं पोट खाली येतं. बैठकीपासूनही कूलर चार-पाच फूट दूर ठेवा.

स्वयंपाकघराच्या दाराला नोरेन लावता येईल. हा जपानी दुभागलेला पडदा चुण्यांचा नसतो, सपाट पडतो. 3 फुटांच्या दाराला 20-20 इंचांचे दोन पट्टे, वरचा एक तृतीयांश भाग एकत्र शिवलेला, लांबी दाराच्या निम्म्यापर्यंत. गॅसच्या शेगडीपासून दूर असेल तरच.

कामाचा क्रम असा ठेवा: आधी वायरिंग आणि दिव्यांच्या जागा, मग बाल्कनीतली चिक, मग रंग, मग बैठक, आणि शोजीचं दार सगळ्यात शेवटी. रंगकाम आणि घासकामाची धूळ दुधी शीटवर बसली आणि कोरड्या फडक्यानं पुसली, तर पहिल्याच दिवशी ओरखडे पडतात. शीटवरचा संरक्षक कागद दार चॅनलवर चढल्यावरच काढायला सांगा.